बाकावरचं वर्ष वाया जातं का?

प्रश्न : आम्ही टेक्सासमध्ये फ्रिस्कोला राहतो. मुलगा दहावीत आहे, अमेरिकन फुटबॉल खेळतो. शाळेच्या ज्युनियर व्हर्सिटी (दुय्यम) संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. व्हर्सिटीच्या, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाच्या, सामन्यांत मात्र बाकावरच बसतो. त्याला एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये जायचंय. शाळा बदलावी का? – एक आई

ताई, नमस्कार. आधी नियम सांगतो. टेक्सासमध्ये केवळ खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं, तर नव्या शाळेत किमान एक वर्ष व्हर्सिटी खेळता येत नाही. म्हणजे ज्यासाठी धडपड, तेच हातचं जायचं.

आणि क्वार्टरबॅकसाठी बाक म्हणजे शिक्षा नव्हे. अ‍ॅरन रॉजर्स 2005 मध्ये एनएफएलच्या ग्रीन बे संघात आला आणि तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे थांबला. पॅट्रिक माहोम्स 2017 च्या पहिल्या मोसमात एकच सामना सुरुवातीपासून खेळला. पुढच्या मोसमात त्याचे 50 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) झाले. उलट डेव्हिड कार 2002 मध्ये ड्राफ्टमधला, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीतला, पहिलाच खेळाडू. नव्याकोऱ्या ह्यूस्टन संघाने त्याला लगेच उतरवलं आणि त्या मोसमात तो 76 वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडला गेला.

असा मार खाल्ला की बिघडतं काय, तर नजर. बचावफळी वाचायची सोडून पोरगा अंगावर येणाऱ्यांकडे बघू लागतो. मग पाय ठरत नाहीत, वजन मागच्याच पायावर राहतं आणि चेंडू तो झेलणाऱ्या रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. लोक म्हणतात, हात कच्चा आहे. हाताचा दोष क्वचितच असतो. पाच पावलांच्या ड्रॉपमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन मागे सरकताना, पाचवं पाऊल रोवताच चेंडू पहिल्या रिसीव्हरकडे सुटायला हवा. तो मोकळा नसेल तर पुढे एक छोटी उडी आणि दुसऱ्याकडे नजर, आणखी एक उडी आणि तिसरा. नजर आणि पाय एका तालात चालले पाहिजेत. घराच्या अंगणात, चेंडू न फेकतासुद्धा, हे रोज 15 मिनिटं गिरवता येतं.

बाकावर असताना त्याला काम द्या. प्रत्येक स्नॅपआधी, म्हणजे चेंडू मागे देऊन चाल सुरू होण्याआधी, मागे सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) एक आहे की दोन, हे त्याने पुटपुटावं. स्नॅपनंतर ते चित्र बदललं का, हे वहीत टिपावं आणि नंतर फिल्मशी, म्हणजे सामन्याच्या चित्रफितीशी, ताडून पाहावं. खासगी प्रशिक्षक लावणार असाल तर तो फिल्म शिकवतो का ते विचारा. नुसती फेक सुधारणारे पुष्कळ भेटतात, आणि पैसेही चांगले घेतात.

उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही. एनएफएलमधला क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलनला हायस्कूलनंतर कुठल्याही मोठ्या विद्यापीठाने बोलावलं नव्हतं. तो आधी रीडली या कम्युनिटी कॉलेजात गेला, मग वायोमिंगला. एनएफएलमधल्या पहिल्या वर्षी, 2018 मध्ये, त्याचे 52.8 टक्के पास पूर्ण झाले, 2020 मध्ये 69.2. या काळात आक्रमणाचा प्रशिक्षक तोच राहिला आणि 2020 ला स्टेफॉन डिग्ससारखा रिसीव्हर आला. दरवर्षी नवा प्रशिक्षक आणि नवी परिभाषा वाट्याला आली की चांगली पोरंही अडखळतात. शाळा बदलू नका म्हणतो, त्याचं हेही एक कारण.

अभ्यासाचं गणित कडक आहे. डिव्हिजन वनसाठी, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीसाठी, ठरलेले 16 मुख्य विषय लागतात. त्यांतले 10 बारावी सुरू होण्याआधी पूर्ण हवेत, आणि त्या विषयांची गुणसरासरी 4 पैकी किमान 2.3. एनएफएलचा ड्राफ्ट हायस्कूल संपल्यावर तीन वर्षांनीच खुला होतो, तेव्हा कॉलेज टळत नाही.

प्रशिक्षकांना भेटाल तेव्हा ‘माझा मुलगा का खेळत नाही’ असं विचारू नका. आठवड्याच्या सरावात त्याला किती स्नॅप मिळतात आणि कुठल्या गटासोबत, एवढंच विचारा. बहुतेक स्नॅप पहिल्या क्रमांकाच्या पोरालाच जात असतील, तर सरावानंतर दोन रिसीव्हर थांबवून घेता येतील का, ते मुलालाच विचारू द्या.