कळ उठायची वाट बघू नका : पेशंटच्या दुखण्याबद्दल तुमचे प्रश्न

या वेळी सगळे प्रश्न दुखण्याचेच घेतलेत. मी चोवीस वर्षं नर्सिंग करतेय, अर्धी वॉर्डात गेली आणि अर्धी लोकांच्या घरी, विरारपासून पनवेलपर्यंत, लोकल जाईल तिथे. डोस किती हे मी इथे सांगणार नाही, ते तुमच्या पेशंटला बघणारे डॉक्टर ठरवतील. पण औषध घरात आल्यावर ते कसं दिलं जातं यात मला घरोघरी त्याच त्याच चुका दिसतात आणि त्यापायी माणसं उगाच सोसत बसतात, म्हणून हे सगळं लिहितेय.

प्रश्न (लालबाग) : सिस्टर, आईला ब्रेस्ट कॅन्सर आहे, आता हाडात पसरलाय. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी लिहून दिल्यात. मोठा भाऊ म्हणतो मॉर्फिन म्हणजे शेवट आला, शिवाय एकदा सवय लागली की पुढे कशानेच थांबणार नाही. म्हणून अगदीच सहन होईना झालं की देतो. आई पण म्हणते राहू दे, सोसते थोडं. बरोबर करतोय ना?

नाही ताई. तुमच्यावर रागावून नाही सांगत, दहातल्या आठ घरांत असंच चालतं. गोळी पोटात गेल्यावर काम करायला अर्धा-पाऊण तास घेते आणि तिचा असर साधारण चार तास टिकतो. तुम्ही सहन होईना होईपर्यंत थांबलात की तोवर कळ चढलेली असते, चढलेली कळ उतरवायला औषध जास्त लागतं, वेळ जास्त लागतो, आणि तेवढा वेळ आई तळमळत असते. त्यापेक्षा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असे मोबाईलला गजर लावा आणि दुखत नसलं तरी द्या, दुखत नाहीये कारण आधीची गोळी काम करतेय. रात्री १० चा डोस बरेच डॉक्टर मुद्दाम डबल लिहितात म्हणजे २ वाजता उठवायला लागत नाही, चिठ्ठीवर तसं आहे का बघा, आपल्या मनाने डबल करू नका. मध्येच कळ आली तर त्यासाठी जादा डोस वेगळा लिहिलेला असतो, तो द्या आणि वहीत वेळ टाका, पण पुढचा घड्याळाचा डोस चुकवू नका. दिवसात तीन-चार वेळा जादा डोस लागायला लागला की ती वही डॉक्टरांना दाखवायची, ते रोजचाच डोस वाढवतील.

सवयीचं म्हणाल तर व्यसन वेगळं आणि शरीराला औषध अंगवळणी पडणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा अर्थ एवढाच की औषध एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं, आणि दुखणं कमी झालं की डॉक्टर तसं उतरवतातही. आईच्या हाडांसाठी रेडिएशनचा विचार करता येईल का हेही विचारा, काही वेळा एकाच सिटिंगनेही हाडाचा ठणका बराच कमी होतो, फक्त त्याला काही आठवडे लागतात.

आणि भावाला सांगा, मॉर्फिन शेवट आला म्हणून देत नाहीत, दुखणं त्या पायरीला पोचलंय म्हणून देतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये जी पायऱ्यांची पद्धत मांडली त्यात आधी पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग सौम्य अफूवर्गीय, मग मॉर्फिन असं होतं, आणि तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या हे तेव्हापासून सांगतायत. माझे एक पेशंट दीड वर्ष मॉर्फिनवर होते, रोज सकाळी दोन मजले उतरून पेपर आणायचे.

आता पोटाचं. मळमळ आणि झोप चार-सहा दिवसांत कमी होते, पण बद्धकोष्ठता मॉर्फिन चालू असेपर्यंत राहते. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत लागतंच, लिहिलेलं नसेल तर परत जाऊन लिहून आणा. इसबगोलावर भागवू नका, पाणी कमी पिणाऱ्या पेशंटच्या पोटात ते घट्ट बसतं. पहिले दोन-तीन दिवस आई खूप झोपेल, महिनाभराची राहिलेली झोप असते ती, हाक मारल्यावर नीट जागी होत असेल तर घाबरू नका. पण हलवूनही जागी होत नाही, श्वास मिनिटाला ८ च्या खाली गेलाय, असं दिसलं तर पुढचा डोस थांबवून लगेच हॉस्पिटल गाठा. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा, मॉर्फिन शरीरात साठत जातं.

गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणायला निघा. हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. ज्या अफूपासून ते बनतं ती आपल्याच देशात, मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने पिकते, पण १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे कितीतरी वर्षं हॉस्पिटलंसुद्धा ते ठेवायला कचरायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर परवाना सोपा झाला, तरी ठरावीक ठिकाणीच मिळतं. मुंबईत लोक परळला टाटा मेमोरियलला येतात, कसाऱ्याहून, पालघरहून, आणि गोळ्या संपल्यावर निघतात, मग वाटेतले ते दोन दिवस पेशंटचे फार वाईट जातात. घरात गोळ्या कुलपात ठेवा.

प्रश्न (शीव) : मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) तिसऱ्या वर्षाला आहे. सर्जरीच्या वॉर्डात एक पेशंट दुखणं दहापैकी आठ सांगतो आणि त्याच वेळी मोबाईलवर क्रिकेट बघत असतो. सिनियर म्हणतात नाटक आहे, लक्ष देऊ नको. मी काय लिहायचं?

आठ लिही बाळा. दुखतंय की नाही हे ज्याचं दुखतंय तोच सांगू शकतो, मार्गो मॅककॅफरी नावाच्या एका नर्सनेच हे १९६८ मध्ये मांडलं आणि पुढे जगभरच्या नर्सिंगने ते घेतलं. क्रिकेट बघतोय कारण दुसरीकडे मन गुंतवल्याशिवाय ते दुखणं त्याला सहन होत नाहीये, तू पण दाढ दुखत असताना टीव्ही लावलाच असशील ना. नुसता आकडा मात्र पुरत नाही. कुठे दुखतं, कशाने वाढतं, खोकल्यावर की कूस बदलल्यावर, आणि कसं दुखतं हे त्याच्याच शब्दांत केसपेपरवर उतरव.

कसं दुखतं यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्या भाषेत याला इतके शब्द आहेत आणि आपण सगळ्याचं पेन करून टाकतो. पेशंट म्हणाला आतून ठणकतंय तर मी हाड किंवा पू याचा विचार करते. ठुसठुसतंय म्हणाला तर जखमेकडे, टाक्यांकडे बघते. कळ येऊन जाते, पिळवटतं म्हटलं की आतडी नाहीतर मूतखडा. आणि आग होते, मुंग्या येतात, सुया टोचतात, करंट मारल्यासारखं होतं, चादर लागली तरी सहन होत नाही, हे शब्द आले की ते नसेचं दुखणं असतं, त्याला नेहमीच्या पेनकिलर फारशा लागू पडत नाहीत, त्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी वेगळी औषधं असतात आणि त्यांचा गुण यायला एक-दोन आठवडे जातात. डॉक्टर राऊंडला पाच मिनिटं थांबतात, तो शब्द त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम तुझं आहे.

आणि डोस दिल्यावर परत जा. शिरेतून दिलं असेल तर पंधरा मिनिटं ते अर्ध्या तासाने, गोळी दिली असेल तर तासाने, आणि पुन्हा विचारून नवीन आकडा लिही. हे दुसऱ्यांदा विचारणंच बहुतेक वॉर्डांत राहून जातं. कामं खूप असतात, मला माहितेय, चाळीस बेडला दोन सिस्टर असं मी पण केलंय.

प्रश्न (विरार) : वडिलांना डिमेन्शिया आहे, वय ८१, आता बोलणं जवळजवळ बंद आहे. आठ दिवसांपासून अंघोळीला, लंगोट बदलायला हात लावला की ओरडतात, ब्युरोच्या बाईंना मारतात. त्या म्हणतात मुद्दाम त्रास देतात, झोपेची गोळी सुरू करा. काय करावं?

झोपेच्या गोळीच्या आधी दुखतंय का ते शोधा दादा. बोलता येत नाही तो माणूस हातापायांनीच सांगणार. आम्ही पाच गोष्टी बघतो : श्वास जोरात किंवा अडखळत चाललाय का, कण्हतात का, कपाळाला आठ्या आहेत का, मुठी आवळून गुडघे पोटाशी घेतात का, आणि जवळ घेऊन समजावल्यावर शांत होतात का. प्रत्येकाला ० ते २ मार्क, एकूण दहा. स्वस्थ पडलेले असताना एकदा आणि कूस बदलताना एकदा असे मार्क टाका, हलवल्यावर आकडा वाढला तर दुखतंय असं धरून चाला.

मग डोक्यापासून पायापर्यंत बघायचं, उजेडात, कपडे बाजूला करून. तोंडात छाले, दाताची कवळी टोचतेय, खांदा आखडलाय, माकडहाडावर किंवा टाचेवर लाल झालंय, लंगोटाखाली कातडी सोललीये. पोट कडक लागतंय का, शी कधी झाली होती. लघवी तुंबली तर म्हातारी माणसं इतकी अस्वस्थ होतात की घरच्यांना वाटतं डोकंच फिरलं. नालासोपाऱ्याच्या एका आजोबांना तीन रात्री बांधून ठेवलं होतं आणि लघवीसाठी घातलेली कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडलेली होती, मी ती सरळ केली, पिशवी भरली आणि ते झोपले. ते तीन दिवस मला अजून आठवतात. पडले होते का तेही आठवून बघा, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं.

काही सापडलं नाही तरी डॉक्टरांना विचारून काही दिवस पॅरासिटामॉल वेळेवर देऊन बघता येतं आणि अंघोळ, कूस बदलणं, ड्रेसिंग हे सगळं डोसनंतर पाऊण तासाने करायचं. पॅरासिटामॉल मोठ्यांना दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही, वडिलांसारख्या बारीक झालेल्या माणसाला त्याहून कमी, आणि सर्दीच्या गोळीतही तेच असतं ते धरून मोजा. बाईंना पण हे सगळं समजावून सांगा, बारा तास एकटीने मार खाणं सोपं नसतं.

प्रश्न (ठाणे) : गुडघा बदलून नऊ दिवस झाले. गोळ्या कमीत कमी घ्यायच्या म्हणून फक्त रात्री घेते. फिजिओथेरपीला रडू येतं.

काकू, उलटं करा. फिजिओच्या पाऊण तास आधी गोळी, नंतर बर्फ, टॉवेलात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. दुखतं म्हणून गुडघा वाकवला नाही तर तो आखडतो. फक्त मेडिकलवाल्याने दिलेल्या डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅकच्या गोळ्या आपल्या मनाने वाढवू नका, डायबेटिस, बीपी असेल तर त्या किडनीवर येतात, पोटात अल्सर करतात. पोटरी सुजून दुखायला लागली किंवा ताप आला तर मात्र गोळी घेऊन झोपू नका, सर्जनला फोन करा.

प्रश्न (मालाड) : मिस्टरांना फेंटॅनिलचा पॅच दिलाय. घामाने सुटतो. लावल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत फरकच पडत नाही. वरून शेक देऊ का?

शेक अजिबात नको! फेंटॅनिल हे मॉर्फिनच्याच वर्गातलं औषध, पॅचमधून कातडीवाटे हळूहळू शरीरात जातं. उष्णतेने औषध एकदम जास्त ओढलं जातं आणि श्वास मंदावू शकतो. गरम पाण्याची पिशवी, हिटिंग पॅड, कडक पाण्याची अंघोळ यातलं काही त्यावर नको, जास्त ताप आला तरी डॉक्टरांना कळवा. पहिल्या पॅचला असर दाखवायला बारा ते चोवीस तास लागतातच, तोवरसाठी दुसरी गोळी दिली असेल ती चालू ठेवा. पॅच ७२ तासांनी बदलायचा, तारीख-वेळ पेनाने कॅलेंडरवर लिहायची. कापायचा नाही. छाती किंवा दंडाची केस नसलेली जागा साध्या पाण्याने, साबण न लावता पुसून पूर्ण कोरडी करा, पंख्याखाली पाच मिनिटं बसवा मग लावा आणि तळव्याने अर्धा मिनिट दाबून धरा, मे महिन्यात कडेने टेप लावली तरी चालते. दर वेळी जागा बदला. काढलेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असतं, चिकट बाजू आत घडी करून टाका, घरात नातवंडं असतील तर जास्तच काळजी घ्या. दुसऱ्या कुणाच्या कंबरदुखीला हा पॅच लावायचा नाही, ज्याला या औषधांची सवय नाही त्याचा जीव जाऊ शकतो.

प्रश्न (गिरगाव) : आजीचं लिव्हर गेलंय, डॉक्टरांनी घरी न्या सांगितलं. दहा बाय पंधराची खोली, आम्ही सहा जण. दोन दिवस काही खात नाही, घशातून घरघर आवाज येतो. सलाईन लावावं का? तिला त्रास होतोय का?

शेवटच्या दिवसांत शरीर स्वतःच अन्न मागायचं थांबतं, भूक लागून तळमळतेय असं नसतं. जबरदस्तीने चमचा घातला तर ठसका लागून छातीत जातं. बहुतेक वेळा अशा अवस्थेत सलाईनने अंगावर सूज आणि घशात स्राव वाढतो, आराम वाढत नाही. तोंडाची काळजी मात्र दर दोन तासांनी घ्या, बोटाला स्वच्छ ओलं फडकं गुंडाळून तोंड पुसा, शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर बर्फाचा छोटा खडा, ओठांना व्हॅसलिन.

घरघर ऐकणाऱ्याला फार लागते, तिला तेवढी जाणवत नसते. कुशीवर वळवा, पाठीला उशी द्या, डोकं थोडं वर, बऱ्याचदा एवढ्यानेच आवाज कमी होतो, नाहीच झाला तर स्राव कमी करायची औषधं असतात, डॉक्टरांना विचारा. धाप लागली असेल तर खिडकी उघडी आणि टेबलफॅन थेट चेहऱ्यावर, हे साधं वाटतं पण खरंच उपयोगी पडतं. गोळी गिळता येईना झाली तर औषध बंद करू नका, कातडीखाली किंवा दुसऱ्या मार्गाने देता येतं, त्यासाठी होमकेअरच्या टीमला फोन करा. लिव्हरच्या पेशंटला कुठलीही पेनकिलर किंवा झोपेची गोळी मनाने देऊ नका.

घरी अजिबातच जमत नाही अशी वेळ कॅन्सरच्या पेशंटवर आली तर वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी जागा, १९८६ पासून. आजीसाठी घरीच ठेवायचं ठरलंय तर सहा जण आहात हे चांगलं आहे, रात्रीच्या तीन-तीन तासांच्या पाळ्या लावा आणि डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवा. तिला ऐकू येतंय असं धरूनच आम्ही वागतो, तुम्ही पण तसंच वागा, कूस बदलताना आधी सांगा की आजी आता वळवतेय हं. बाहेरगावच्या लेकीचा फोन स्पीकरवर लावून कानाशी धरा. आणि आता किती तास राहिले ही चर्चा गॅलरीत जाऊन करा.