सेल नसलेलं घड्याळ: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी सीको ५ स्पोर्ट्स घेतलं, आत ४आर३६ मशीन आहे. मी घरूनच काम करतो. शनिवारी रात्री दहाला काढून ठेवलेलं घड्याळ रविवारी दुपारी बंद पडतं. शिवाय रोज १८ सेकंद पुढे जातं. बदलून मागावं का? (वाचक, कोथरूड)

उत्तर: १८ सेकंदांसाठी दुकानात जाऊ नका. या मशीनला कंपनीनेच दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे अशी मुभा ठेवली आहे. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात १८ म्हणजे दहा हजारांत जेमतेम दोन. फरक किती यापेक्षा तो रोज तितकाच राहतो का, हे बघायचं. आज १८, उद्या १७, परवा १९ असेल तर मशीन उत्तम आहे. आज ५ आणि उद्या ४० असेल तर मात्र दाखवा.

बंद पडण्याची गोष्ट वेगळी. हे ऑटोमॅटिक घड्याळ: मनगट हललं की आतली स्प्रिंग भरते आणि तिच्या जोरावर मशीन चालतं. पूर्ण भरलेली स्प्रिंग या मशीनला सुमारे ४१ तास पुरते. शनिवारी रात्री दहाला काढलेलं घड्याळ सोमवारी दुपारी तीनच्या आसपास थांबायला हवं. तुमचं रविवारी दुपारीच थांबतं, म्हणजे एक तर स्प्रिंग कधी भरतच नाही किंवा भरूनही टिकत नाही. कुठलं ते घरीच कळेल. चावी आत असतानाच, बाहेर न ओढता, वरच्या दिशेने ५५ फेरे द्या. जास्त झाले तरी बिघडत नाही. स्प्रिंग भरली की तिचं बाहेरचं टोक, ती ज्या डब्यात असते त्याच्या भिंतीवरून सरकतं, तुटत नाही. मग घड्याळ टेबलावर उताणं ठेवा आणि कधी थांबतं ते लिहून ठेवा. ४० तासांच्या आसपास चाललं तर मशीन निर्दोष आहे, तुमचा हात पुरेसा हलत नाही इतकंच. की-बोर्डवर बोटं चालतात, मनगट एका जागी टेकलेलं असतं आणि स्प्रिंग भरणारं आतलं अर्धगोल वजन, म्हणजे रोटर, फिरत नाही. रोज सकाळी घालताना वीसेक फेरे द्या, रविवारी बंद पडण्याचा प्रश्न सुटेल. पण पूर्ण चावी देऊनही २५ तासांत थांबलं तर वॉरंटीत द्या. तेव्हा तो कागदही सोबत न्या, म्हणजे "असंच असतं" हे उत्तर चालणार नाही.

जुन्या ७एस२६ मशीनला हाताने चावी बसत नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी घड्याळ आडवं धरून अर्धा मिनिट डावी-उजवीकडे झुलवावं आणि हातात घालावं. गदागदा हलवायची गरज नाही.

प्रश्न: तीन वर्षं नीट चाललेलं घड्याळ आठवड्याभरात रोज चार-पाच मिनिटं पुढे पळायला लागलं. पडलेलं नाही. सर्व्हिसिंगचा खर्च निघेल का? (वाचक, नाशिक)

उत्तर: आधी चुंबक तपासा. टॅब्लेटचं कव्हर, ब्लूटूथ स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण यांच्यावर घड्याळ रात्रभर राहिलं तर केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात. ही स्प्रिंग जणू आखूड होते आणि तिला जोडलेलं, वेळेचा ताल धरणारं चक्र भराभर झुलतं. म्हणून असं घड्याळ बहुतेक वेळा पुढेच पळतं. साधं होकायंत्र टेबलावर ठेवा आणि घड्याळ हळूहळू त्याच्याभोवती फिरवा. सुई ठळकपणे ओढली गेली तर रोग सापडला. दुरुस्तीवाल्याकडे डीमॅग्नेटायझर, म्हणजे चुंबकत्व काढणारं यंत्र, असतो, काम काही सेकंदांचं. बटण दाबलेलं ठेवून घड्याळ हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असतानाच सोडलं तर चुंबकत्व पुन्हा राहतं, हे नवशिके हमखास चुकतात. सुई हललीच नाही तर वेढे अडकलेत किंवा त्यांवर तेल आलंय. मग मात्र घड्याळ उघडावं लागेल.

प्रश्न: तारीख दुपारी बारा वाजता बदलते. (वाचक, बेळगाव)

उत्तर: काटे बारा तास पुढे न्या, झालं. मात्र रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात तारीख-वार झटपट बदलू नका. तेव्हा तारखेच्या चकतीत दात अडकलेला असतो, जोर दिला की तो मोडतो. आधी काटे सहाच्या पुढे न्या, कालची तारीख लावा, मग काटे फिरवून आजची येऊ द्या.

प्रश्न: ऑनलाइन जुनं सीको ५ स्वस्तात दिसतंय, डायल अगदी नवं, केशरी. एचएमटीचीही बरीच आहेत. घ्यावं का? (वाचक, ठाणे)

उत्तर: जपून. जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेलं डायल बसवून विकलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्या शहराचं नाव अशा मालाला चिकटावं याचं वाईट वाटतं, पण चोरबाजारापासून परदेशातल्या लिलावांपर्यंत हा माल पोचलेला आहे.

विक्रेत्याकडून तीन फोटो मागा: डायल जवळून, मागचं झाकण आणि उघडं मशीन. सीकोच्या झाकणावरच्या क्रमांकाचे पहिले चार अंक म्हणजे मशीन, उदाहरणार्थ ७००९. रोटरजवळही ७००९च कोरलेलं हवं. ते मशीन १७ ज्वेलचं (ज्वेल म्हणजे घर्षण कमी करणारे बारीक खडे). डायलवर २१ लिहिलं असेल तर डायल नंतरचं. मूळ डायलच्या तळाशी, सहाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत क्रमांक असतो; दहापट भिंगातून कडा धारदार दिसतात. रंगवलेल्यावर तो नसतो किंवा अक्षरं जाड आणि फुगलेली असतात. झाकणावरच्या सहा अंकी सिरियलमध्ये पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना (ओ, एन, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर).

एचएमटीत जनता आणि पायलट ही फक्त हाताने चावी द्यायची घड्याळं. त्यांच्या डायलवर "ऑटोमॅटिक" दिसलं तर सौदा तिथेच सोडा. ऑटोमॅटिक हवं तर कांचन बघा.

प्रश्न: पावसात काचेआड वाफ धरली. तांदळात ठेवलं, वाफ गेली. चालेल? (वाचक, रत्नागिरी)

उत्तर: नाही. वाफ दिसेनाशी झाली तरी पाणी आतच आहे आणि गंज एक-दोन दिवसांत सुरू होतो. चावी बाहेर ओढून ठेवा म्हणजे मशीन थांबेल (७एस२६ थांबत नाही) आणि आजच उघडून वाळवून घ्या. झाकणाचा आणि चावीचा रबर सील बदलून घ्या. मग दाबाची चाचणी मागा. ओल्या हाताने चावी ओढू नका, गरम पाण्याच्या आंघोळीला घड्याळ काढा. समुद्रात भिजलं तर लगेच गोड्या पाण्याने धुवा.