शेजारचे काका रोज पाला जाळतात, फोन कुणाला करायचा?

प्रश्न : आम्ही इंदूरच्या सुदामा नगरात राहतो. मागच्या घरातले काका पानगळ सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी कडुलिंबाचा पाला झाडून मागच्या अंगणात ढीग करतात आणि पेटवतात, त्यातच दुधाच्या पिशव्या, खोकी, सगळंच. मध्ये एक रिकामा प्लॉट आहे, कमरेएवढं वाळकं गाजरगवत. परवा ठिणगी उडून तेच पेटलं, आम्हीच बादल्या ओतून विझवलं. सासूबाईंना दमा आहे. काका सासऱ्यांचे जुने दोस्त, तोंडावर बोलायची पंचाईत. तक्रार कुठे करायची, आणि आमचं नाव कळेल का?

उत्तर : ताई, यात दोन गोष्टी गुंतल्यात. आत्ता जळतंय ही एक, आणि रोज जाळतात ही दुसरी. पहिलीसाठी फोन, दुसरीसाठी तक्रार. लोक नेमकं उलटं करतात, गवत पेटलेलं असताना व्हिडिओ काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकतात, मग "अरे बघा रे कोणीतरी" असे मेसेज सुरू होतात आणि बऱ्याच वेळाने कुणाच्या तरी लक्षात येतं की फायर ब्रिगेडला फोन कोणी लावलाच नाही.

आग अंगणाबाहेर आली किंवा येईल असं वाटलं की सरळ १०१ लावायचा, नाही लागला तर ११२. नुसतं "सुदामा नगर" म्हणून भागत नाही, केवढं मोठं आहे ते, सेक्टर सांगा, जवळचं देऊळ किंवा शाळा सांगा, काय पेटलंय, शेजारी ट्रान्सफॉर्मर आहे का, गाड्या उभ्या आहेत का, गॅसची पाइपलाइन जाते का हे सांगा, आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतील तर बंब कुठल्या बाजूने शिरेल तेही सांगा. घरातल्या एकाला नाक्यावर उभं करा हात दाखवायला. फोन घेणाऱ्याला आग कुठे आहे ते हवं असतं, तुमचे काकांशी संबंध कसे आहेत हे नको असतं, तेव्हा नावाची काळजी त्या क्षणी मनातून काढून टाका. आणि तारेजवळ किंवा ट्रान्सफॉर्मरजवळ पेटलं असेल तर बादली घेऊन अजिबात जाऊ नका.

परवाचं तुमचं निभावलं, पण पाल्याचा ढीग फसवा असतो हो. वरून राख दिसते, काका झोपायला जातात, आत मात्र तो रात्रभर धुमसत राहतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लू सुटली की राख बाजूला होऊन निखारा उघडा पडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर, हवेत ओल नाही, वाळक्या गाजरगवताला पेटायला कितीसा वेळ. माती टाकून झाकलं की झालं असंही नाही, खाली जळत राहतं. पाणी ओता, फावड्याने उलथंपालथं करा, परत ओता, हात वर धरला तर ऊब लागली नाही पाहिजे.

आता रोजच्या जाळण्याचं. माझं मत विचाराल तर आधी सासऱ्यांना पाठवा, एकदाच, आणि भांडायला नाही, सासूबाईंचा दमा आणि परवाचं गवत एवढंच बोलायला. आपल्या इंदूरमध्ये रोज दारात कचरागाडी येते, पाला पोत्यात भरून गाडीला द्या म्हणावं, नाहीतर अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून टाका, पाणी मारत राहिलं की पावसाळ्यानंतर खत मिळतं. २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरात दुधाच्या पिशव्या जाळून म्हाताऱ्या माणसांच्या छातीत धूर भरायचा, हे मला खरंच बघवत नाही.

नाही ऐकलं तर महापालिकेच्या इंदूर ३११ ॲपवर तक्रार टाका. आपल्या गच्चीवरून फोटो घ्या, वेळ आणि लोकेशन दिसेल असा, माणसांचे चेहरे नकोत, ढीग आणि धूर दिसला की पुरे. तक्रारीचा नंबर जपून ठेवा. हालचाल झाली नाही तर १८१, सीएम हेल्पलाइन, तिथे तक्रार पडून राहिली तर वरच्या अधिकाऱ्याकडे सरकत जाते. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित अधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच बंदी घातली आहे, साधा कचरा जाळला तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरावे लागतात. काका म्हणतील माझं अंगण आहे. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ अंगण कोणाचं ते विचारत नाही, निष्काळजीपणे आग हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणि त्या प्लॉटची वेगळी तक्रार करा, गवत कापून घ्या म्हणून. काकांनी उद्या बंद केलं तरी ते गवत तिथेच उभं असणार, एक जळती विडी पुरते त्याला.

प्रश्न : आग दिसली म्हणून फोन केला आणि बंब यायच्या आत विझली तर दंड होतो का? मित्र म्हणतो खोट्या कॉलमध्ये अडकशील.

उत्तर : नाही होत. मुद्दाम खोटं सांगणं हा गुन्हा, खरी आग बघून केलेला फोन नव्हे. विझली तर परत फोन करून सांगा, एवढंच. मित्राला म्हणावं असलं काही पसरवू नकोस, या भीतीपायी लोक फोन करायला कचरतात.

प्रश्न : एरोड्रम रोडच्या बाजूला घर आहे, मागे मॅरेज गार्डन. लग्नसराईत अकरा-साडेअकराला वरात येते आणि लडी, रॉकेट सुरू. जळक्या काड्या आमच्या गच्चीवर पडतात. हे म्हणतात लग्नघराची तक्रार कोण करतं. हा गुन्हा आहे की नाही?

उत्तर : आहे. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके उडवायला सुप्रीम कोर्टाची २००५ पासून मनाई आहे, लग्न असो की क्रिकेटची मॅच जिंकलेली असो. लडीचं तर वेळेचंही सोडा, एकात एक गुंफलेल्या फटाक्यांवर २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच कोर्टाने बंदी घातली. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या आसपास १०० मीटरमध्ये दिवसाही चालत नाही.

लग्नघराशी भांडू नका, ते लोक उद्या निघून जाणार आहेत. गार्डन तिथेच राहणार आहे, तेव्हा दिवसाउजेडी गार्डनच्या मॅनेजरला जाऊन भेटा, गच्चीवरची काडी हातात घेऊन जा, बुकिंग करतानाच दहानंतर फटाके नाहीत असं लिहून घ्या म्हणावं. तरी झालं तर त्याच वेळी ११२ ला फोन, गार्डनचं नाव आणि वेळ सांगून, आणि दुसऱ्या दिवशी थान्यात लेखी अर्ज, त्याच्या प्रतीवर पोच घेऊन. दोन-तीन घरांनी मिळून सह्या केल्या तर जास्त बरं, एकट्याच्या अर्जाला वजन कमी पडतं हे खरं आहे.

तोवर गच्ची बघा. चालू कूलरचा खस ओला असतो, त्याची भीती कमी, पण गेल्या वर्षीचा बंद कूलर वर टाकून ठेवलेला असतो ना, त्यातला वाळून कोळ झालेला खस रॉकेटच्या एका काडीने भडकतो. तो खाली आणा, खोकी आणा, कुंड्यांवरची हिरवी जाळी लग्नाच्या दिवशी गुंडाळा, एक भरलेली बादली वर ठेवा. आणि कोणी दुकानात किंवा घरात फटाक्यांचा साठा करून बसलंय असं कळलं तर गप्प राहू नका, लगेच पोलिसांना सांगा. एप्रिल २०१७ मध्ये राणीपुऱ्यात फटाक्यांच्या दुकानाला आग लागून माणसं गेली, ते आपल्या शहरातच झालंय.

प्रश्न : बायपासच्या पलीकडे आमची टाउनशिप आहे. गहू निघाला की शेतात नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, पेटवतात, आमच्या भिंतीपर्यंत येते. शेतकऱ्याला काय बोलणार?

उत्तर : भिंतीकडे येत असेल तर तेच, आधी १०१. मग तहसीलदार किंवा पटवारी यांना कळवा, नरवाई जाळायला बंदी आहे, २ एकरपर्यंत २,५०० रुपये, २ ते ५ एकर ५,००० आणि ५ च्या वर १५,००० असा दंड आहे. शिवाय जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचे पैसे द्यायचे नाहीत असं राज्य सरकारने मे २०२५ पासून ठरवलंय. शेतकऱ्याचीही अडचण आहे, हार्वेस्टरने कापलं की खुंट उभे राहतात आणि मूग पेरायची घाई असते, पण स्ट्रॉ रीपरने त्याचाच भुसा निघतो आणि सुपर सीडरने न जाळता पेरता येतं, सोसायटीच्या मीटिंगला त्यांना बोलावून हे बोललात तर दंडापेक्षा लवकर काम होईल असं मला वाटतं. तुमच्या बाजूने भिंतीलगतचं सगळं वाळकं गवत मार्चमध्येच काढून टाका, चांगला रुंद मोकळा पट्टा ठेवा, आणि त्या बाजूचं गेट कुलूप लावून ठेवत असाल तर चावी वॉचमनजवळ राहू द्या, बंब आला की शोधाशोध नको.