अनोळखी भागात दगड शोधायला जाताना

आधी भूशास्त्रीय नकाशा उघडा, रस्त्यांचा नंतर. खडक कोणता हे कळलं की काय सापडेल याचा अंदाज येतो: बेसॉल्टच्या (काळ्या लाव्हा खडकाच्या) पोकळ्यांत अकीक (पट्टेदार दगड), झिओलाइट (खनिजांचा एक गट), चुनखडकात कॅल्साइट, जीवाश्म. दिवसाला एकच जागा ठरवा, दुसरी फक्त राखीव. नवखे चार जागा ठरवतात आणि सगळा वेळ गाडीत घालवतात.

जमीन कोणाची, दगड उचलायला परवानगी आहे का, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्या. संरक्षित क्षेत्रात खडाही उचलू नका.

पहिल्यांदा नदीपात्रातली वाळू-गोट्यांची पट्टी उत्तम. फोडाफोड लागत नाही आणि वरच्या सगळ्या डोंगरांचे नमुने एकाच ठिकाणी मिळतात. पाण्याची फवारणी बाटली न्या. कोरडा अकीक मळकट दिसतो, ओला केला की पट्टे उठतात. उन्हासमोर धरा, पातळ कडेतून उजेड आरपार येतो.

पांढरा खडा गारगोटी की कॅल्साइट? पोलादी चाकूने ओरखडा. कॅल्साइटची काठिण्यता (१ ते १० च्या मोहस् मापनात) ३, लगेच चरा पडतो, आणि ते तिरप्या चौकोनी तुकड्यांत फुटतं. गारगोटी ७, चाकूच तिच्यावर राखाडी रेघ सोडतो.

सुताराची हातोडी नको, तिच्या तोंडाचे कपचे उडतात. भूशास्त्रीय हातोडी घ्या, डोळ्यांवर सेफ्टी गॉगल हवाच. खाणीच्या उभ्या भिंतीखाली कधीही थांबू नका.

प्रत्येक नमुना वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा, आत जागा आणि तारखेची चिठ्ठी टाका. संध्याकाळी लिहू म्हटलं की सगळे दगड सारखेच दिसायला लागतात.