बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मॅनेजर व्हायचं तर लगेच एमबीए करावं की आधी नोकरी?

आधी नोकरी. मी तीन वर्षं इंदूरजवळच्या पीथमपूरला एका कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम, सांभाळलं, मग इंदूरलाच एमबीए केलं. पण तुम्ही शेवटी लिहिलंय ना, "बाबांचं दुकान आहे, ते म्हणतात मॅनेजरी पुस्तकातून येत नाही", मला खरं त्यावर बोलायचंय.

आमचा दादाही हेच म्हणायचा. इंदूरच्या सियागंज बाजारात त्याचं हार्डवेअरचं दुकान. एमबीएच्या दुसऱ्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत मी गल्ल्यावर बसले. विक्री जोरात, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि महिनाअखेरीला नोकरांचे पगार करायला दादा वहिनीपुढे हात पसरतोय. मी वह्या काढल्या. माल सरासरी ६० दिवस पडून, उधारी वसूल व्हायला ४५ दिवस, आणि कंपन्यांचे पैसे मात्र ३० दिवसांत चुकते. ६० अधिक ४५, वजा ३०. म्हणजे ७५ दिवस आपला पैसा अडकलेला, आणि विक्री वाढेल तसा आणखी अडकणार. वर्किंग कॅपिटलचा, म्हणजे धंदा रोज चालवायला लागणाऱ्या पैशाचा, पहिलाच धडा, यात माझी काही हुशारी नाही. दादा म्हणाला, "चार बुकं वाचून मला धंदा शिकवतेस?" बाबा पोहे खात होते, खातच राहिले.

पुढच्या वर्षी सीएनं हेच सांगितलं. त्याचं ऐकलं, वर फीही दिली! न खपणारे कडी-कोयंडे निम्म्या भावात काढले, उधारी ३० दिवसांवर आणली. आता दर भाऊबीजेला तोच मला कॅश फ्लो समजावतो.

अर्थात पीथमपूर नसतं तर वह्या उघडायचं मलाही सुचलं नसतं. ट्रक दारात उभा आणि माल तयार नाही, हे एकदा निस्तरलं की इन्व्हेंटरी, म्हणजे मालाचा साठा, कळते. वर्गातली थेट आलेली मुलं सूत्रं पाठ करत बसायची.

हां, एमबीएच्या प्रवेश परीक्षेत, कॅटमध्ये, खरंच उत्तम पर्सेंटाइल आलं तर नोकरीसाठी थांबू नका. इंदूरजवळच्या राऊच्या आयआयएमचा पाच वर्षांचा कोर्स बारावीनंतरचा, तो तुमच्या कामाचा नाही. आणि कर्ज काढून भलत्याच कॉलेजात जाऊ नका. प्लेसमेंटचा सरासरी पगार सांगतील, तुम्ही मधल्या नंबरच्या मुलाचा विचारा. दोन-चार मोठे आकडे सरासरी फुगवतात.

बाबांशी वाद घालू नका. त्यांची उधारी किती दिवसांत वसूल होते, तेवढं विचारून बघा.