पाचवी-सहावीच्या पोट्ट्यांना वाचून दाखवायचं का?

प्रश्न : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे, पाचवी-सहावी एकाच खोलीत बसते. मधल्या सुट्टीनंतर रोज थोडी गोष्ट वाचून दाखवते, पोरं मस्त ऐकतात. पण आमचे एक सर म्हणतात, मॅडम हे काय बालवाडीचं लावलं, मोठे झाले पोट्टे, त्यांचं त्यांना वाचू द्या, अशानं आळशी होतील. बंद करू का?
– एक शिक्षिका

उत्तर : काऊन बंद करता मॅडम? गावात पोथी लागली की ज्याला फडाफडा वाचता येतं तोही सतरंजीवर बसून ऐकतोच ना, त्याला कोणी आळशी म्हणत नाही.

वाचनाचा अभ्यास करणारे सांगतात की साधारण आठवीपर्यंत पोरांना वाचून जेवढं समजतं त्यापेक्षा ऐकून जास्त समजतं. म्हणजे तुमच्या सहावीतल्या पोराला ऐकताना जी गोष्ट कळते, तीच त्याच्या हातात दिली तर दुसऱ्या पानावर अडकतो अन् पुस्तक ठेवून देतो. अडखळत वाचणाऱ्याचा सगळा जीव अक्षरं जुळवण्यात जातो, ओळीच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. "कोण आहे आत?" तिनं हळूच विचारलं, एवढं वाक्य घ्या. तो वाचतो को-ण-आ-हे-आ-त-ति-नं, एका दमात, सपाट. तुम्ही प्रश्नचिन्हापाशी आवाज वर नेता, मग एकदम बारीक करता, तेव्हा त्याला कळतं की ही चिन्हं नुसती मार्कांसाठी नसतात.

आणि आपल्याकडं घरी वऱ्हाडी, कोलामांच्या पोडावर (वस्तीवर) कोलामी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. पुस्तकातली मराठी या पोरांच्या कानावर पडते कुठं? टीव्ही-मोबाईलवर पडते, पण तिथं लांब वाक्यं नसतात, वर्णन तर नसतंच.

सरांचं एक मात्र बरोबर आहे, नुसतं ऐकून वाचता येत नाही. ज्यांना जोडाक्षरं अजून जड जातात त्यांचा सराव वेगळा घ्याच, फक्त गोष्टीच्या वेळात नको. अन् सगळ्यांसमोर एकेक ओळ वाचायला उभं करू नका, कच्चं पोरगं गोष्ट ऐकायचं सोडून आपला नंबर कधी येतो तेच मोजत बसतं.

दहा-पंधरा मिनिटं पुरे. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारत थांबू नका, गोष्टीच्या शेवटी प्रश्न-उत्तरं तर नकोच (ती सवय आपल्या हाडात आहे, माझ्याही). रंगात आलं की पुस्तक मिटा आणि टेबलावरच राहू द्या, कोणीतरी पुढचं पान चोरून बघतंच. कापूस वेचणीत दोन-तीन दिवस न आलेलं पोरगं असलं तर त्याला मागचं कोण सांगतो विचारा, चारजण एकदम उठतात, एक चुकला की दुसरा दुरुस्त करतो. गोष्ट किती कळली ते यात आपोआप दिसतं, वेगळी चाचणी कशाला.

पुस्तकं नसतील तर बालभारतीचं 'किशोर' आहे, 1971 पासूनचं, जुने अंक ऑनलाईन फुकट वाचायला मिळतात. पण आदल्या रात्री स्वतः एकदा वाचून घ्या बरं, नाहीतर ऐन भुताच्या प्रसंगात तुम्हीच अडखळाल. आणि सरांना एखाद्या दिवशी भुताचं पात्र वाचायला बोलवा, पोट्टे सोडणार नाहीत मग त्यांना.