उतारावरची मिनिटं उधारीची असतात

पोरी,

रविवारी तुळजापूरचा घाट उतरून आपण खाली कठड्यावर बसलो, तेव्हा तू पाण्याची बाटलीसुद्धा उघडली नाहीस. मनगट माझ्यापुढे धरून म्हणालीस, "काका, होटगी रोडला मी किलोमीटरला सहा मिनिटं लावते. इथं चढाला आठ लागली. साताऱ्याच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनला जाऊन काय करू? त्यापेक्षा एखादी सपाट हाफ पळते, टायमिंग तरी चांगलं येईल." मी "आधी ते घड्याळ काढ" म्हणून खेकसलो आणि सोलापूर येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. खेकसायला नको होतं. पण बोललो ते मागे घेत नाही. समोरासमोर बसलो की माझा आवाज चढतो, म्हणून लिहितोय.

आधी तुझ्या त्या आठ मिनिटांचं बघू. चढाला लागल्यापासून तू मला बहिणीच्या साखरपुड्याचं सांगत होतीस. पूर्ण वाक्यं, मध्ये दम न घेता. सपाटीवर लांब पळताना तुझा श्वास जसा असतो, तसाच तो घाटात होता. मग वेग कमी झाला म्हणजे काय झालं? काही झालं नाही. अंग वर उचलायला लागणारं बळ कुठून तरी यायचंच, ते वेगातून आलं. चढ तू अगदी बरोबर काढलास. माझ्या बघण्यातल्या बऱ्याच जुन्या पळणाऱ्यांना तो इतका शांत काढता येत नाही.

तुझी चूक उतारावर झाली, आणि तुझ्या ते ध्यानातही नाही. माथ्यावरून वळलो आणि तू स्वतःला सोडून दिलंस. टाच पुढे, अंग मागे, पाय थाडथाड आपटत. मी पन्नास पावलं मागे होतो, तरी मला तुझ्या बुटांचा आवाज येत होता. शेवटचा किलोमीटर पाच मिनिटांच्या आत आला म्हणून तुझा चेहरा क्षणभर खुलला. माझा राग त्या खुललेल्या चेहऱ्यावर होता. तोच चेहरा मी एकदा स्वतःचा केला होता.

उतारावरची मिनिटं उधारीची असतात. मी जन्मभर यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहिले, मला जमा आणि उधार यातला फरक कळतो. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो, दम लागतो, त्याची किंमत तिथल्या तिथे चुकते होते. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना अंगाचा भार झेलतो. छाती शांत असते, म्हणून सगळं फुकट चाललंय असं वाटतं. पण ताणलेल्या अवस्थेत भार झेलताना त्याचे बारीक धागे उसवतात, आणि ठणका लागतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मागावर ताण्याचा धागा तुटला तर कामगार माग थांबवून गाठ मारतो. घाटात माग थांबत नाही. धागे तुटत राहतात आणि तू घड्याळात बघून खूश होत राहतेस.

२०१४ ला मी पहिल्यांदा सातारा पळालो. शर्यत सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट धरायचा, कासच्या रस्त्याला वर जायचं आणि त्याच वाटेने खाली. म्हणजे पहिला अर्धा भाग चढ, दुसरा उतार. चढ मी शहाण्यासारखा काढला. धुकं होतं, पाऊस भुरभुरत होता, आपल्या सोलापूरच्या माणसाला तर स्वर्गच. वरच्या वळणावर घड्याळ बघितलं आणि डोक्यात दोन तासांचा आकडा बसला. मग जे सुटलो ते खालीपर्यंत. एक तास अठ्ठावन्न मिनिटं. त्याची चौकट करून बैठकीच्या खोलीत लावली.

तिसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. कठड्याला धरून, उलटा तोंड करून, एकेक पायरी उतरलो. तेव्हा थांबायचं, तर चौथ्या दिवशी पार्क मैदानावर वेगाचे फेरे मारायला गेलो, कारण एक अठ्ठावन्नवाला माणूस घरी कसा बसेल? गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला कळ आली ती दीड महिना हटली नाही. लांब पळायचे सगळे रविवार बुडाले. जानेवारीत तरीही मुंबईची मॅरेथॉन पळायला गेलो. पस्तीस किलोमीटर सरल्यावर पेडर रोडचा चढ लागला आणि दोन्ही मांड्या दगड झाल्या. तो चढ घाटापुढे काहीच नाही. पण मी रस्त्याच्या कडेला खांबाला धरून उभा होतो आणि माझ्या बायकोच्या वयाच्या बाया मला हळहळत ओलांडून जात होत्या. सप्टेंबरात साताऱ्याच्या उतारावर उचललेली आठ-दहा मिनिटं मी जानेवारीत तिथं तासाच्या हिशेबाने फेडली. चौकट मुंबईहून आल्यावर उतरवली. भिंतीवर तिचा डाग अजून आहे.

म्हणून सांगतो, उतारावर कमवायचं नाही. सातारा ही तुझी परीक्षा नाही, मुंबईची तालीम आहे. आणि तालीम आहे म्हणूनच जायचं आहे. सपाट हाफ पळून तुला टायमिंग मिळेल, पण पायांना काय मिळेल? सोलापुरात चढ म्हणजे आसऱ्याचा पूल. बेताने सोसलेला उतार स्नायू काही आठवडे लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी तेवढाच उतार कमी दुखवतो. ही शिकवण सपाट रस्ता देत नाही. पण ती बेताने घेतली तरच. उधळून घेतलीस तर शिकवण नाही, दुखापत.

बोस्टनची मॅरेथॉन सुरुवातीपासून उतरत जाते. तिथली हार्टब्रेक हिल ३३ व्या किलोमीटरच्या आसपास येते आणि तिची चढण तीस मीटरसुद्धा नाही. तरी तिचं नाव जगभर भीतीने घेतात, कारण तिच्याआधीच्या उतारांनी मांड्या खाऊन टाकलेल्या असतात. म्हणजे हे माझं एकट्याचं खूळ नाही, हे तुझ्या त्या ऑनलाइन कोचलाही सांग. "मुंबई सपाट आहे, डोंगर कशाला" असं त्याचं म्हणणं तू मला ऐकवलंस. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या पोरांना ऑकलंडजवळच्या डोंगरातल्या साधारण ३५ किलोमीटरच्या वाटेवर पळवायचे. ८०० मीटर पळणाऱ्या पीटर स्नेललासुद्धा. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये स्नेलला ८०० मीटरचं आणि मरे हालबर्गला ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी मिळालं, आणि त्यांच्यातल्याच बॅरी मॅगीला मॅरेथॉनचं कांस्य. त्यांच्या शर्यती तरी कुठे डोंगरात होत्या?

आणि रोमपर्यंत तरी कशाला जायचं? माझी आई कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला चालत जायची. साधारण ४५ किलोमीटर, तुझ्या मॅरेथॉनच्या ४२.१९५ पेक्षा जास्तच, आणि घाट अगदी शेवटी. मी दहा-अकरा वर्षांचा असताना तिच्याबरोबर गेलो. रात्रभर बायांची रांग, कुणाच्या डोक्यावर पिशवी, कुणी अनवाणी. घाट लागला की आई पाऊल लहान करायची. थांबायची नाही, पाऊल लहान. मी पुढे पळत जाऊन दगडावर बसायचो, ती तशीच माझ्यासमोरून निघून जायची. परतीला आम्ही एसटीने यायचो. एका वर्षी गाडी मिळेना, तेव्हा घाटातून चालत उतरलो. मी उड्या मारत निघालो, तर तिने मागून शर्टाची कॉलर धरली आणि खालपर्यंत सोडली नाही. त्या हाताची किंमत मला पेडर रोडला कळली.

आता नीट वाच, कारण "रोखायचं" म्हटलं की तू ब्रेक मारशील, आणि ब्रेक मारणं हेच तर नडतं. टाच पुढे टाकून अंग मागे नेलंस की प्रत्येक पावलाला मांडीवर हातोडा बसतो. पाऊल लहान आणि भरभर, मागाच्या लयीत. पाय अंगाच्या खाली पडला पाहिजे, पुढे नाही. अंग घोट्यातून किंचित पुढे, खांदे सैल, नजर दहा-पंधरा पावलं पुढे. बुटांचा आवाज ऐक. आवाज आला की तू कर्ज काढते आहेस. उतरतानाही वाक्य पूर्ण बोलता येतंय म्हणून वेग वाढवू नकोस. उतारावर श्वास खोटं बोलतो, तिथं कान खरे. साताऱ्याला रस्ता ओला असतो, वळणावर पांढऱ्या पट्ट्यांवर पाय टाकू नकोस. नखं दोन दिवस आधी काप, लेस शेवटच्या भोकातून ओवून घट्ट बांध, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. शनिवारी दुपारपर्यंत साताऱ्यात पोच. पंढरपूर, म्हसवड, दहिवडी करत रात्रभर एसटीत बसून सकाळी पळायचं नाही.

शर्यतीनंतर आठवडाभर फक्त चालणं आणि अगदी हलकं पळणं. दहा दिवस वेगाचं नावही नको, कितीही बरं वाटू दे. ऑक्टोबरपासून लांबचे रविवार, हळूहळू तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत, आणि प्रत्येक लांब पळण्याच्या शेवटी, पाय थकल्यावर, आसऱ्याच्या पुलावर चार फेऱ्या. तो तुझा पेडर रोड. मुंबई जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेच्या दिवसांत. नंदीध्वजांच्या काठ्या पेलणारे आठवडे आधीपासून सराव करतात ते तू लहानपणापासून बघतेस. मिरवणुकीच्या दिवशी कुणी पहिल्यांदा काठी उचलतो का?

मैदानावर माझ्याबद्दल काय बोलतात ते मला ठाऊक आहे. काकांचं वय झालं, पळवत नाही, म्हणून पोरांनाही हळू पळा म्हणतात. त्या वर्षानंतर मी सातारा सहा वेळा पळालो, एकदाही घड्याळ न लावता, आणि सहाही वेळा सोमवारी सकाळी जिना सरळ तोंडाने उतरलो. मुंबईत त्यानंतर एकदाही खांबाला धरावं लागलं नाही. मला कुणाला काही दाखवायचं नाही, असं मी स्वतःला सांगतो. पण एवढं लिहितोय म्हणजे थोडं दाखवायचं असणार, तुला तरी. माझ्या कॉलरला धरणारं तेव्हा कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी त्याचा हात झटकला असता. तू झटकू नकोस एवढंच मागतो.

साताऱ्यातून नाव मागे घेऊ नकोस. या रविवारी पुन्हा घाटात जाऊ. पहाटे साडेचारला तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येतो. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मी घेईन, तू फक्त पाणी घे. चढताना तू पुढे. उतरताना मी पुढे, आणि मला ओलांडायचं नाही. घड्याळ घरी ठेव.

तुझा,
काका